कुरडया राखता राखता

अगं, परवा फोनवर तू सगळं एका दमात बोललीस आणि कुकर झाला म्हणून मधेच फोन ठेवलास. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. दोन्ही पोरं सुट्टीची घरात, सासूबाईंचा गुडघा, ऑफिसचं काम घरून आणि भावाने हौसेने दिलेला कॅमेरा तसाच कपाटात, साड्यांच्या घडीखाली. "ताई, मला पक्षी बघायचेत गं, पण पहाटे पाचला उठून तळ्यावर जाणं या जन्मी जमेल असं वाटत नाही," म्हणालीस. मग स्वतःच म्हणालीस, "जाऊ दे, उन्हाळा संपला की बघू."

नको गं. उन्हाळा संपायची वाट बघू नकोस, आणि तळ्यावर तर मुळीच जाऊ नकोस.

हे बघ, हिवाळ्यात लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून भिगवणला जातात, कारण तेव्हा रोहित, बदकं अशी पाहुणेमंडळी आलेली असतात. पाहुण्यांना बघायचं तर ते उतरलेत तिथे जावं लागतं. उन्हाळ्यात पाहुणे परत जातात आणि घरची माणसं उरतात. बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी, चिमण्या. चैत्र-वैशाखात या सगळ्यांची घर बांधायची, अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची धांदल असते. त्यामुळे ती लांब कुठे जात नाहीत. एकाच झाडावर, त्याच त्या फांदीवर दिवसातून पन्नास वेळा दिसतात. तुझ्यासारखीच गत आहे त्यांची. पोरं घरात आणि दिवसभर 'भूक लागली'चा घोशा. अशा बाईला भेटायचं तर तिच्या घरीच जायला हवं ना? आणि तुझं घर तर तिच्या शेजारीच आहे.

माझं हे खूळ सुरू झालं कुरडयांपासून, सांगितलंय का तुला? लग्नानंतर काही वर्षांनी असेल. गच्चीवर जुनी साडी पसरून कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस असं सगळं वाळवण घातलेलं, आणि राखणीला मी. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा, आणि मनात नुसता वैताग. पहिले दोन दिवस कावळ्यांना शिव्या घालण्यात गेले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की कावळा कुरडई उचलतो ती लगेच खात नाही, समोरच्या कौलांच्या फटीत खोचून ठेवतो आणि इकडेतिकडे बघून वर एक पान ओढतो. अगदी आमच्या आत्या लाडवांचा डबा लपवायच्या तसा! चिमणी कुरडईचा चुरा स्वतः टिपायची, पण वळचणीतल्या पिल्लांसाठी मात्र अळ्या-किडेच शोधून न्यायची. स्वतः शिळंपाकं आणि लेकरांना ताजं. मग मी काठी खाली ठेवली. त्या वर्षी कुरडया निम्म्याच झाल्या, सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत, पण बघायला मात्र मी शिकले.

त्याच गच्चीवर मला तांबट सापडला. चार वर्षं मी समजत होते, मागच्या गल्लीत कुणीतरी दिवसभर भांडी ठोकतंय. टुक, टुक, टुक, टुक, भर दुपारी, जराही न थांबता. एक दिवस शेवग्याच्या वाळक्या फांदीच्या टोकाला हिरवा, मुठीएवढा, कपाळावर कुंकवाचा टिळा लावल्यासारखा पक्षी दिसला. चोच मिटलेली, आणि प्रत्येक 'टुक'ला गळा फुगतोय. आवाज हाच करतोय हे पटायला मला पाच मिनिटं लागली. तांब्याची भांडी घडवणाऱ्यासारखा ठोकतो म्हणून त्याचं नाव तांबट, आणि मी मागच्या गल्लीत कारखाना शोधत होते! असा वाळका फाटा दिसला तर माळ्याला तोडू देऊ नकोस बरं. तांबट त्यातच भोक पाडून घर करतो.

आणि कोकिळेची फजिती ऐक. पोरांना गॅलरीत उभं करून मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बघा, कोकिळा गातेय." शेजारचा सातवीतला मुलगा कठड्यावरून म्हणाला, "काकू, तो कोकीळ आहे. नर. काळा आणि लाल डोळ्यांचा. कोकिळा तपकिरी असते, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती कुहू करत नाही, नुसती किक्-किक् ओरडते." शाळेपासून निबंधात 'कोकिळा गाते' लिहून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते गं! पुढे जूनमध्ये आमच्या गुलमोहरावर कावळीण आपल्या घरट्यातून उतरलेल्या कोकिळेच्या पिल्लाला भरवताना दिसली, तेव्हा त्याच मुलाला मी हाक मारून बोलावलं. आमचा हिशोब मिटला.

तर नावं येत नाहीत म्हणून घाबरू नकोस. आधी दहाच ओळखायला शीक, आणि त्यातले पाच तुला आत्ताच येतात. चिमणी, कावळा, पारवा, पोपट, साळुंकी. झालं अर्धं काम. उरलेल्यांना मी घरातल्या माणसांसारखं ओळखते. डोक्यावर काळी बसकी शेंडी आणि शेपटीखाली लाल कुंकवाचं बोट पुसल्यासारखं, तो लालबुड्या बुलबुल. उंच टोकदार टोपी आणि गालावर लाल ठिपका असेल तर शिपाई बुलबुल. काळा कोट, पांढरा सदरा आणि शेपटी वर करून युक्तिवाद करणारा वकील म्हणजे दयाळ. हिवाळाभर हा मूग गिळून बसतो, आणि उन्हाळा लागला की उजाडायच्या आधीपासून डिश अँटेनावर बसून असा गातो, की गजर लावायची गरज नाही. डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी उभी आणि अंगाच्या दहापट आवाज, तो शिंपी. बदामाच्या किंवा वांग्याच्या मोठ्या पानांच्या कडा कोळ्याच्या धाग्याने आणि कापसाने शिवून घर करतो. शिवते मात्र त्याची बायको. आणि अंगठ्याएवढा, उन्हात जांभळा-निळा चकाकणारा, फुलांपुढे फडफडणारा तो शिंजीर, म्हणजे जांभळा सूर्यपक्षी. त्याची बायको साधी, पोटाशी पिवळट, पण गॅलरीतल्या तारेला लोंबणारी ती घरट्याची पिशवी एकटी विणते. त्यात तिला कोळ्याची जाळी लागतात. म्हणून सांगते, गॅलरीच्या कोपऱ्यातली जळमटं उन्हाळाभर राहू देत. कुणी नावं ठेवली तर माझं नाव सांग. केर न काढायला इतकं चांगलं कारण मला आयुष्यात दुसरं मिळालेलं नाही.

आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन नावाचं ॲप आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं. ते फोनवर घे. फुकट आहे. कधीकधी चुकतं, पण मीही चुकते. फक्त एक लक्षात ठेव. त्यातला आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला जवळ बोलवायचं नाही. या दिवसांत त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. मग तो घर सोडून भांडायला धावतो, आणि इकडे पिल्लं उपाशी.

"पण ताई, तुझ्याकडे शेवगा आहे, गुलमोहर आहे. आमची सोसायटी नवी, अकरावा मजला, झाडं कमरेएवढी," असं म्हणशील, मला माहितेय. खरं सांगू का, मला तुझा हेवा वाटतो. घार मला नेहमी खालून दिसते, आभाळावर काळी आकृती. तुला ती वरून, पाठीवर ऊन पडलेली, पंखांच्या तपकिरी पिसांसकट दिसेल. वळताना शेपटीचा सुकाणू कसा तिरका करते ते बघ. आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला पाकोळ्यांचे थवे तुझ्या गॅलरीला घासून चिरचिरत जात असतील, कोयत्यासारख्या पंखांच्या. सज्जाखाली मातकट, पिसांचे गोळे चिकटलेले दिसले तर ती त्यांची घरं. लोक झाडं शोधत फिरतात, आणि तुझ्या खिडकीत अख्खं आभाळ आहे, बाई.

आता पाणी. यात मी इतके घोळ घातलेत, की तू ते घालू नयेस म्हणून सविस्तर सांगते. पहिल्या वर्षी मी स्टीलचं खोल पातेलं भरून उन्हात ठेवलं. आठ दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. फिरकेल कशाला? अकरा वाजता त्यात चहा होईल इतकं पाणी तापायचं, आणि काठ असा गुळगुळीत की पाय रोवायला जागा नाही. मग कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आणलं. दोन बोटं पाणी, मधे एक खडबडीत दगड, सावलीची जागा आणि मांजराला उडी मारता येणार नाही अशी उंची. एवढंच लागतं. कुंडीखालची मातीची ताटलीही चालते. पाणी रोज सकाळी बदलायचं आणि दोन दिवसांनी नारळाच्या शेंडीने घासायचं, साबण नको. पाणी रोज बदललं तर डासही होत नाहीत, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडा तरी लागतो. हे सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच सांगून ठेव, नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चर्चा सुरू होईल.

पहिलं गिऱ्हाईक कावळाच येणार, मनाची तयारी ठेव. आमच्याकडे त्याने पहिल्याच दिवशी शिळा पाव आणून भिजत घातला, आणि दुसऱ्या दिवशी उंदराचं शेपूट. मी किंचाळले. कडक खाणं मऊ करायची त्याची रीत आहे ती. पाणी ओतून टाक, परळ घास, पुन्हा भर. चार-सहा दिवसांत बुलबुल येतील, मग साळुंक्या येऊन आंघोळीने सगळी गॅलरी भिजवतील. तेव्हा वाळत घातलेले कपडे आत घे.

आणि खायला काही ठेवू नकोस. पोरं बिस्किटं, फरसाण, शिळा भात ठेवायला धावतील. मीठ-तेल पक्ष्यांच्या पोटाला नको, आणि दाणे ठेवलेस तर फक्त पारवे येतील, मग तेच राज्य करतील. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ रोज श्वासात गेली तर फुप्फुसांना कायमचा त्रास होऊ शकतो, आणि तुझ्या घरी तर म्हातारं माणूस आहे. बाकीच्यांची जेवणं उन्हाळ्यात झाडांवर लागलेलीच असतात. उंबर, पिंपळ, तुती, आणि पुढे जूनमध्ये निंबोळ्या. तू फक्त पाण्याचं बघ.

हं, आता कॅमेरा. आधी तो साड्यांखालून काढ. लेन्स बदलता येत नाही म्हणून नाक मुरडू नकोस. घरच्या घरी पक्षी टिपायला लांब झूमचा तसलाच कॅमेरा सोयीचा. हातात धरायला हलका, आणि मधेच दुधाकडे धावायचं असलं तर एका हाताने ठेवता येतो.

पहिली गोष्ट उजेडाची. तुझी गॅलरी पश्चिमेला आहे ना? मग सकाळी ऊन तुझ्या पाठीमागून येतं, समोर पडतं आणि तू स्वतः इमारतीच्या सावलीत. सहा ते साडेआठ ही तुझी वेळ, पोरं उठायच्या आतली. पूर्वेची गॅलरी असलेल्यांनी संध्याकाळी पाचनंतर बसावं. दुपारी कॅमेरा बाहेर काढूच नकोस. माझ्या पहिल्या मे महिन्यात दुपारचे सगळे फोटो असे यायचे, जणू पक्षी पाण्याखाली बसलाय. मी कॅमेरा दुरुस्तीला नेला. दुकानातल्या माणसाने फोटो बघितले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, हेच सकाळी काढून बघा." तापलेल्या पत्र्यावरची, फरशीवरची हवा थरथरते, त्यातून काहीच स्वच्छ येत नाही. त्याने पैसे घेतले नाहीत. मी लाजेने एक कॅमेऱ्याची पिशवी विकत घेऊन आले.

तुझे फोनवरचे फोटो काळे येतात म्हणालीस, त्याचं कारण मागचं आभाळ. आभाळ लख्ख असलं की कॅमेरा तेवढंच बघतो आणि पक्ष्याला अंधारात ढकलतो. कॅमेऱ्यावर प्लस-मायनसचं बटण असतं, ते प्लसकडे एक घर सरकव. फोनवर पक्ष्यावर बोट टेकलंस की सूर्याचं चिन्ह येतं, ते वर ओढ. बगळ्याच्या वेळी उलट, मायनसकडे जा, नाहीतर तो धुतलेल्या बनियनसारखा नुसता पांढरा येईल. हलणारा पक्षी पुसट येतो, त्यासाठी चक्रीवर एस किंवा टीव्ही लिहिलेलं असतं तिथे जाऊन १/१००० ठेव. बसलेल्याला १/५०० पुरे. बोट दाबून धर, वीस फोटो निघू देत. त्यातले अठरा पुसायचे असतात, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. आणि नेम नेहमी डोळ्यावर. शेपटी पुसट आली तरी चालते, पण डोळा पुसट आला तर फोटो आंधळा दिसतो.

घर हीच तुझी लपायची जागा आहे. पडदा ओढून घे, वीतभर फट ठेव, खोलीतला दिवा बंद कर. काचेतून काढायचं तर लेन्स काचेला टेकव, म्हणजे तुझीच प्रतिमा फोटोत यायची नाही. माझ्या पहिल्या दयाळाच्या पोटात मी गाऊनमध्ये उभी आहे! आणि पाण्याच्या परळाशेजारी एक वाळकी फांदी कुंडीत खोचून ठेव. पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही. आधी वर कुठेतरी बसून मांजर आहे का बघतो. बसायला तूच जागा दिलीस तर तो तिथेच बसेल, आणि फोटोत भांडं नाही, फांदी येईल. हे मला कळायला तीन उन्हाळे लागले.

आता एक गोष्ट सांगते. ही मी कुणाला फारशी सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्या गॅलरीतल्या मधुमालतीत बुलबुलाने घर केलं. माझ्या खांद्याइतक्या उंचीवर, वाटीएवढं, काड्यांचं आणि मुळ्यांचं. तीन अंडी होती, फिकट गुलाबी, त्यांवर तांबड्या ठिपक्यांचा शिडकावा. मी वेडी झाले गं आनंदाने. रोज फोटो काढायचे. पण वेलाची दोन दाट पानं मधे यायची, सगळ्या फोटोंत सावलीचे पट्टे. एका सकाळी बुलबुल उठून गेलेली बघून मी त्या पानांच्या फांद्या हळूच बाजूला घेतल्या आणि सुतळीने गजाला बांधल्या. फोटोपुरत्याच. ती परत आली, बसली, मला वाटलं तिला काही वाटलेलं नाही. तिच्या पाठीवर छान कोवळं ऊन पडलं होतं. मी भराभर फोटो काढले आणि पोळ्या करायला आत गेले. सुतळी सोडायची राहिली.

दुपारी तिचा आरडाओरडा ऐकून बाहेर आले. घरट्याच्या काठावर कावळा बसला होता. ती दोन पानं म्हणजे तिचं छप्पर होतं, आणि पडदाही. चाळीस अंशांच्या उन्हात अंडी झाकणारं आणि कावळ्याच्या नजरेआड ठेवणारं. ते मी बाजूला बांधून टाकलं होतं. दोन मिनिटांत घरटं रिकामं. कावळ्याला काय बोलणार? त्याचीही पिल्लं असतील कुठेतरी. दोघं बुलबुल संध्याकाळपर्यंत कठड्यावर बसून होते, चोचीत काही न घेता.

तो फोटो माझ्याकडे अजून आहे. इतका स्वच्छ फोटो मला पुन्हा कधी जमला नाही. कुणाला दाखवत नाही.

म्हणून सांगते, आणि इथे मी तुझं काही ऐकणार नाही. घरट्याचा फोटो काढायचा नाही. अंडी असताना तर जवळही जायचं नाही. तू रोज जिथे जातेस तिथे काय आहे हे कावळा आणि मांजर दोघंही बघत असतात. फ्लॅश नाही, पान हलवायचं नाही, घरट्याची जागा ग्रुपवर टाकायची नाही. गॅलरीतच कुणी घर केलं तर महिनाभर तिथे कपडे वाळत घालू नकोस. बुलबुलाची अंडी साधारण चौदा दिवसांत फुटतात आणि पुढच्या दोन आठवड्यांत पिल्लं उडून जातात. एवढाच काळ. कपडे घरात वाळव, पंखा आहे की. घरटं काढून टाकणं, अंडी उचलणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे, पण तुला कायदा दाखवायची वेळ येणार नाही, माहितेय मला. फोटो हवाच असेल तर चोचीत काडी किंवा अळी घेऊन येणाऱ्याचा काढ, लांबच्या फांदीवरचा. त्यात त्याची सगळी धावपळ येते.

मे-जूनमध्ये पोरं एखादं पिल्लू ओंजळीत घेऊन येतील बघ, "आई, हे पडलं होतं." अंगावर पिसं आलेली, टुणटुण उड्या मारणारी पिल्लं पडलेली नसतात. उडायला शिकत असतात आणि आईबाप जवळच्या झाडावरून ओरडत असतात. होतं तिथेच, जवळच्या झुडपात ठेवून यायचं आणि मांजराला हाकलायचं. उघडं, बिनपिसांचं असेल आणि घरटं हाताला लागत असेल तर परत ठेव. माणसाचा हात लागला की आई घेत नाही हे खरं नाही. आणि उन्हाने गळपटलेला मोठा पक्षी सापडला तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. आमच्या घरी असं झालंय, म्हणून सांगते. भोकं पाडलेल्या खोक्यात जुना टॉवेल घालून अंधाऱ्या, गार जागी ठेव. पुष्कळदा तासा-दोन तासांत तो आपला आपण उडतो. नाहीच सावरला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर. नुसती चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून जरा लांब धरून बसलेला दिसला, तर मात्र घाबरू नकोस. पक्ष्यांना घाम येत नाही, असं धापा टाकूनच ते अंग गार करतात.

एक गंमत सांगायची राहिली. खाली उभ्या केलेल्या स्कूटरच्या आरशावर शिंजीर टोचा मारताना दिसला तर हसत बसू नकोस. आरशातला तो दुसरा कुणीतरी त्याच्या बायकोवर डोळा ठेवून आहे असं त्याला वाटतं, आणि दिवस दिवस तो त्याच्याशी मारामारी करून दमतो. मी आमच्या ह्यांच्या स्कूटरच्या दोन्ही आरशांवर जुने मोजे चढवले. ऑफिसला जाताना त्यांनी ते काढायचे आणि आल्यावर मी पुन्हा घालायचे, असं जून उजाडेपर्यंत चाललं. गल्लीत आमच्याबद्दल काय बोलत होते ते मी कधी विचारलं नाही.

आणि हे सगळं तू एकटीने करू नकोस. तुझ्या सासूबाईंना गुडघ्यामुळे उठवत नाही ना? मग त्यांची खुर्ची गॅलरीच्या दाराशी लाव. दिवसभर एका जागी शांत बसणारं माणूस पक्षी बघायला सगळ्यांत लायक. आपण दोघी त्यात नापास आहोत. त्या गावाकडच्या. पावशाचं 'पेर्ते व्हा' कधी सुरू होतं, टिटवी रात्री का ओरडते, हे त्यांना तुझ्या-माझ्या ॲपहून जास्त ठाऊक असणार. कधी कुणी विचारलंच नसेल. पोरांना एक दोनशेपानी वही दे. तारीख, वेळ, कोण आलं, काय करत होतं. धाकटीला लिहिता येत नसेल तर चित्र काढू दे. आमच्या घरची पहिली वही अशीच आहे. त्यात भारद्वाजाला सहा पाय आहेत.

उद्या सकाळी सहाला चहा गॅलरीत घे. पहिल्या दिवशी कॅमेरा नको, नुसती बस. मर्लिनही नको. दूध उतू गेलं तर जाऊ दे, गॅस मी येऊन पुसते. दुपारी मला फोन कर आणि काय दिसलं ते सांग. नाव येत नसेल तर शेपटीखालचा रंग सांग, मी ओळखते. आणि हो, आज रात्री झोपायच्या आधी तेवढी कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लाव.